पाठीवर राहिलेला खो

मधलीवाडी, ता. जि. रत्नागिरी
६ ऑक्टोबर २०२४

अक्षया,

वर 'अनेक आशीर्वाद' असं लिहिलं होतं, मग खोडलं. थोरली बहीण म्हणून तो हक्क माझ्याकडे शिल्लक आहे की नाही, मला ठाऊक नाही. म्हणून नुसतंच अक्षया.

फोन तू उचलत नाहीस. त्याबद्दल रागवायला मी कोण? पण आलेलं टपाल नाकारायचं तर पोस्टमनशी बोलावं लागतं, आणि अनोळखी माणसाशी बोलायचा तुला लहानपणापासून कंटाळा. त्या भरवशावर हे पत्र.

भाऊंच्या तेराव्याला आलीस, वडिलांच्या फोटोला हार घातलास, आईजवळ अर्धा तास बसलीस आणि दुपारच्या गाडीनं बडोद्याला परत गेलीस. माझ्याशी बोललीस ते चार शब्द. "चप्पल कुठे काढू, ताई?" आपल्याच घराच्या पायरीवर उभी राहून! मी म्हटलं, काढ कुठेही. तेवढ्यानंच आपण दोघी दमलो.

ते कसे गेले हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. श्रावणातला मंगळवार होता. पावसाचं मैदान मिळत नाही म्हणून सकाळी देवळाच्या सभामंडपात खो-खोच्या मुलींकडून उठाबशा काढून घेतल्या, घरी येऊन चहा प्यायले आणि छातीत कळ आली म्हणून ओटीवर टेकले. रिक्षा दारात आली. मी त्यांच्या पायात चपला सरकवत होते, तर म्हणाले, "दे आता." आईनं धावत पाणी आणलं. घोटभर प्यायले. रत्नागिरीला पोचायच्या आत सगळं संपलं होतं. पाणी पिऊन गेले, याचं आईला फार समाधान आहे.

माणसं किती आली म्हणून सांगू! बत्तीस वर्षं वायरमन म्हणून ज्यांच्या ज्यांच्या घरात ते शिडी घेऊन शिरले, ती सगळी घरं उतरली होती. टोकाच्या घरातली गोदाआजी काठी टेकत आली. तिचं एकच पालुपद, "माज्या घरात पयला बल्ब सखारामान लावलान. सरपंचाच्या आधी लावलान हो!" सरपंच शेजारीच बसले होते. त्यांनीही मान हलवली.

आता मूळ मुद्दा. रविवारी, १ डिसेंबरला, माती टाकायची आहे. विसरली नसशील. आपला सडा म्हणजे नुसता कातळ, दर पावसाळ्यात मैदानावरची माती वाहून जाते, आणि भात कापून झालं की प्रत्येक मुलगी आपल्या घरच्या शेतातलं एक घमेलं माती आणून टाकते. भाऊंनीच घालून दिलेली रीत. लग्न होऊन गेलेल्या मुलीसुद्धा सासरची माती पिशवीतून पाठवतात. यंदा त्या दिवशी भाऊंची आठवण म्हणून मी चार शब्द बोलावेत असं वाडीच्या मंडळाचं म्हणणं आहे. आणि मुलींचं म्हणणं असं की तू यावंस.

येशील का?

ताई

---

२० ऑक्टोबर २०२४

अक्षया,

उत्तर नाही. ठीक आहे. मी मात्र लिहीत राहणार, कारण भाषण लिहायला बसले की कागदावर भलतंच काहीतरी येतं. शेवटी ते तुलाच लिहिलेलं निघतं.

मुलींची प्रॅक्टिस सध्या मी घेते. हसू नकोस. छत्तिसाव्या वर्षी कंबर कशी बोलते ते तुलाही कळत असेल. मृणाली म्हणून एक पोरगी आहे, पंधरा वर्षांची, संघाची कर्णधार. परवा मला म्हणाली, "म्याडम, भाऊ असं नाय शिकवायचे." मी विचारलं, मग कसं? तर म्हणे, "ते आधी इचारायचे, जेवलीस काय." तेव्हापासून मीही आधी तेच विचारते. दोघी जणी रोज खोटं सांगतात. भाऊ सकाळी खिशात शेंगदाणे घेऊन का जायचे, ते मला आत्ता कळलं.

भाऊंबद्दल काय बोलू? वादळात खांब पडले तेव्हा ते निवृत्त होते, तरी पोरांबरोबर नऊ दिवस तारा ओढत होते, हे सगळ्यांना माहीत आहे. मुलींचे बाप खेळायला पाठवत नव्हते तेव्हा दारोदार जाऊन म्हणायचे, "माज्या दोन हायत मैदानात, तुमची एक द्या." तेही माहीत आहे. दिवेलागणीच्या आत एकेकीला सायकलवरून घरी सोडायचे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन महिने भाकऱ्या त्यांनी थापल्या, आणि त्या कशा झाल्यात ते आईनं सांगेपर्यंत स्वतः जेवायचे नाहीत. हे मात्र फक्त घरात माहीत आहे. बोलू का सांग. आई लाजेल.

आणि एक गोष्ट तुलाही माहीत नाही. माती टाकायच्या दिवशी भाऊ दोन घमेली आणायचे. एक माझ्या नावाचं, मी कचेरीत असायची म्हणून. दुसरं टाकताना मोठ्यानं सांगायचे, "ही अक्षयाची." अठरा वर्षं. एकदा कुणीतरी म्हणालं, ती कुठे खेळते आता? भाऊ म्हणाले, "तिचा चौकोन हाय ना. मग माती नको?"

मे महिन्यात आंब्याची पेटी घेऊन ते तुझ्याकडे यायचे. परत आले की आई दारातच गाठायची, आणि ते चपला काढता काढता सांगायचे, "बाय बरी हाय. चाय केलान." तेवढ्यावर आईचा जून जायचा. तू त्यांना परत पाठवलं नाहीस, चहा दिलास, याबद्दल मी तुझी ऋणी आहे. तू भाऊंवर रागावली होतीस ते मला माहीत होतं. का, तेही माहीत होतं. गावात लोक समजतात की त्यांनी अंतिम सामन्यात फाऊल सांगितला म्हणून. मीही तसंच सांगत आले.

ताई

---

३ नोव्हेंबर २०२४

अक्षया,

भाऊबीज आज. यंदा घरात दिवाळी नाही, गणपतीही आणला नव्हता. आई माहेरी गेली आहे. माझं सासर वाडीतच, म्हणून इकडे येऊन बसले आहे; घर रिकामं आहे, तर लिहून टाकते. मध्ये थांबले तर पुन्हा बसायची नाही.

डिसेंबर २००५. मी सतरा वर्षांची, तू पंधरा. जिल्ह्याची अंतिम फेरी, समोर पूर्णगडच्या मुली. त्यांची चिमा शेवटची उरलेली आणि वीस सेकंद बाकी. निवड करणारे साहेब खुर्च्यांवर बसले होते. तुझं नाव त्यांनी आदल्याच दिवशी लिहून घेतलं होतं. माझं नव्हतं घेतलं. हे मला कसं ठाऊक, विचारू नकोस. मी त्यांच्या मागून दोनदा पाणी प्यायला गेले होते.

चिमाच्या मागे मी धावत होते. तू चौकोनात, माझ्याकडे पाठ करून बसलेली. मला दम राहिला नव्हता. हातभर अंतर असतानाच मी ओरडले, "खो!" हात पाठीला लागलाच नाही. तू आवाजावर उठलीस आणि दुसऱ्या पावलाला चिमाला शिवलीस. पंचांनी गडी बाद दिला. आपल्या मुली नाचायला लागल्या.

आणि आपलेच भाऊ, आपलेच कोच, बाकावरून उठून म्हणाले, "साहेब, फाऊल हाय. हात लागला नाय."

इथपर्यंत गावाला पाठ आहे. पुढचं तुला आणि मला. पंच माझ्याकडे आले आणि विचारलं, तू खो दिला होतास का? मी म्हटलं, "नाही. मी खो दिलाच नाही. ती आपली आपण उठली."

तू म्हणालीस, "ताई, तू ओरडलीस." मी चुन्याच्या रेषेकडे बघत राहिले. मग तू भाऊंकडे वळलीस. "भाऊ, तुम्ही ऐकलंत ना?" आणि भाऊ म्हणाले, "मी हात बघत व्हतो, बाय."

फाऊल कुणाचाही ठरला असता तरी सामना गेलाच असता. खरं बोलले असते तर फक्त चूक माझी ठरली असती, तुझी नाही. 'हात पोचला नाही' एवढे तीन शब्द होते. त्याऐवजी तू 'उतावळी' झालीस. शाळेत, वाडीत, एसटीच्या थांब्यावर. जिल्ह्याच्या संघात माझं नाव आलं. कचेरीतली माझी नोकरी त्याच कागदावर उभी आहे. दहावी झाल्यावर तू बडोद्याला मावशीकडे गेलीस ती गेलीसच.

मी खोटं बोलले, अक्षया. तू आपली आपण उठली नव्हतीस. मी ओरडले होते.

भाऊंनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी मैदानातले खांब काढताना म्हणाले, "ज्ञाने, तुजा खो अक्षयाच्या पाठीवर राह्यलाय."

मी रडले. म्हटलं, तुम्हीच सांगा तिला.

"मी दिला तर तो पन फाऊल. ज्याचा खो त्यानच द्यायचा."

त्यानंतर पुन्हा कधी विषय काढला नाही. फक्त मी वाकलेली दिसले, केर काढताना, विळीवर बसताना, की पाठीवर दोन बोटं टेकवायचे. तेवढंच. मी म्हणायची, देईन भाऊ. माझ्या लग्नात पाया पडले तेव्हाही टेकवली. लोकांना वाटलं, आशीर्वाद.

आणि त्या मंगळवारी त्यांच्या पायात चपला सरकवायला मी वाकले होते. पाठीवर दोन बोटं आली. "दे आता." त्यांनी पाणी मागितलं नव्हतं, अक्षया. आई पाण्याला धावली आणि मी तिला धावू दिलं.

भाऊंचंही चुकलं, असं मला वाटतं. माझी वाट बघण्याच्या नादात तुला त्यांनी फार वर्षं ताटकळत ठेवलं. त्यांना देव करून भिंतीला लावायची माझी इच्छा नाही. पण मी खोटी आहे हे माहीत असून त्या माणसानं एकदाही मला खोटी म्हणून वागवलं नाही. मी उद्या खरी होणार असं धरूनच ते माझ्याशी वागले, आणि उद्या येईना तरी थांबले. एवढा भरवसा माझ्यावर दुसऱ्या कुणी टाकला नाही. त्यांचे उपकार कुठल्या शब्दांत सांगू ते मला कळत नाही, म्हणून भाषण होत नाही.

१ डिसेंबरच्या रविवारी सगळ्यांसमोर हे सांगायचं मी ठरवलं आहे. तू आलीस किंवा नाही आलीस तरी.

ज्ञानेश्वरी

---

१९ नोव्हेंबर २०२४

अक्षया,

तुझं कार्ड आलं. पंधरा पैशांच्या जमान्यातलं पिवळं कार्ड तुला बडोद्यात कुठे मिळालं? दोनच शब्द. 'आवाज पोचला.'

दिवसभर मी ते पर्समध्ये घेऊन फिरले. कचेरीत दोनदा काढून वाचलं. वाटलं, झालं, सुटले. गावासमोर बोलायचं तेवढं राहिलं.

संध्याकाळी प्रॅक्टिसला गेले. मृणाली धावत होती. पुढच्या मुलीपर्यंत पोचायच्या आधीच ओरडली, "खो!" मी शिट्टी मारली. म्हटलं, "हात कुठंय?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्याडम, आवाज तर पोचला ना!"

मला तिथंच बसावं लागलं. मुलींना वाटलं, कंबर धरली.

तू काय लिहिलं आहेस ते मला तेव्हा कळलं. भाऊ पहिल्याच दिवशी शिकवायचे, आवाज आणि हात एकदम. एक आधी आणि एक मागून, असा खो नसतो. एकोणीस वर्षांपूर्वी मी हातभर लांबून ओरडले. आता साडेचारशे मैलांवरून पत्रं लिहिते आहे, आणि रविवारी माइकवरून ओरडणार होते. चूक तीच. नुसतं अंतर वाढलं.

तर मी निघाले आहे. मंगळवारी, २६ तारखेला दुपारपर्यंत तुझ्या दारात पोचेन. तू रविवारी गावाला यावंस म्हणून येत नाही, ते तुझं तू ठरव. दार उघडलं नाहीस तरी मी जिन्यात थोडा वेळ बसेन आणि परत येईन. भांडायचं असेल तर भांड. मी गप्प उभी राहीन, जे मला त्या दिवशी जमायला हवं होतं.

आंबे नाहीत या दिवसात. कुळीथ आणते.

ताई

---

बडोदा
२७ नोव्हेंबर २०२४

आई,

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो मृणालीच्या फोनवर पाठवते. ती वाचून दाखवील. तिनं वाचलं तरी हरकत नाही, रविवारी सगळ्यांना सांगायचंच आहे. निघण्याआधी तुला सगळं सांगितलं तेव्हा तू नुसती भाकरी बांधून दिलीस. ती मी गाडीत खाल्ली.

काल दुपारी पोचले. दार उघडंच होतं. शमिका दारात उभी होती. केवढी वाढली आहे, नाक अगदी भाऊंचं! मी काही विचारायच्या आत तिनं तोंडावर बोट ठेवलं आणि आत दाखवलं.

आपली अक्षया खोलीच्या मधोमध बसली होती. दाराकडे पाठ करून, उकिडवी, एक पाय मागे. आपण चौकोनात बसतो तशी. समोर मेथीची परात.

शमिका कुजबुजली, "मावशी, आई सकाळपासून अशीच बसलीये. भाजी कधीच निवडून झाली."

आई, मला पाऊल उचलेना. चार पावलांची खोली. जवळ गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि खो म्हटलं. म्हणजे म्हणायला गेले. घशातून जेमतेम काहीतरी निघालं.

ती उठली नाही. वळलीसुद्धा नाही. तशीच बसून म्हणाली, "आवाज बारीक आला. भाऊंनी फाऊल दिला असता."

मग मी ओरडले. शेजारच्या गुजराती बाई दार उघडून बाहेर आल्या. हात माझा तिच्या पाठीवरच होता.

ती उठली.

पुढचं लिहीत नाही. शमिकानं आम्हाला दोघींना पाणी आणून दिलं आणि मेथी पुन्हा निवडायला घेतली, म्हणजे काय ते समज.

रात्रीच्या जेवणाला तिनं कुळथाची पिठी केली. जेवताना तिनं मला एक सांगितलं. भाऊ दर मे महिन्यात चहा पिऊन निघताना दारात तिला म्हणायचे, "खो येयाचाय तुजा. बसून रव." ती चिडायची. म्हणायची, भाऊ, मला आता खेळायचं नाही. ते म्हणायचे, "नको खेळू. पन मिळायच्या आधी उठू नको." म्हणजे इकडे मला दोन बोटं आणि तिकडे तिला ही ताकीद. दोन्ही टोकांना एकटाच माणूस, आणि आपल्याला कुणाला पत्ता नाही. मी म्हटलं, भाऊंचं चुकलंच, पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं. अक्षया म्हणाली, "हो, चुकलं." मग माझ्या पानात पिठी वाढत म्हणाली, "पण दर वर्षी आले गो." आणि आम्ही दोघी पुन्हा रडलो. या खेपेला जरा बरं वाटलं.

पाण्याचं तुझ्या मनाला लागलं असेल. त्यांनी मागितलं नव्हतं हे खरं, पण प्यायले ते तुझ्याच हातचं आणि पिऊन तुझ्याकडे बघितलं, ते मी पाहिलं आहे. तेवढं तुझं तू ठेव, त्यात काहीच खोटं नाही.

आम्ही तिघी शनिवारी सकाळी रत्नागिरी स्टेशनला उतरू. रिक्षा मोठी पाठव. अक्षयानं आज सकाळी गॅलरीतल्या सगळ्या कुंड्या उपड्या केल्या आणि माती एका पिशवीत भरली. काळी कुळकुळीत आहे, आपल्या तांबड्या मैदानावर लांबून दिसेल. पिशवी भलतीच जड झाली आहे, पण कमी कर म्हटलं तर ऐकत नाही.

मृणाली, तू हे वाचते आहेस ना, तर ऐक. भाऊ दर वर्षी जे दुसरं घमेलं न्यायचे, ते मागच्या पडवीत पालथं घातलं आहे. ते धुऊन ठेव. यंदा ते तिचं तीच उचलणार आहे.

तुझी,
ज्ञानू